दोन लोखंडांमधले रबर

मोटारीची स्तुती करावयाची झाली म्हणजे लोक तिच्या इंजिनाची स्तुती करतात. कोणी रसिक असला तर तिच्या रंगाची, बांध्याची आणि वेगाचीही करतो. परंतु मोटार रस्त्यावर सरळ चालते आणि वळणावर आपल्या हाताचे ऐकते याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, ते रबराचे लहानसे बुश कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. अंगठ्याएवढी ती वस्तू. चाकामागे, धुळीत आणि अंधारात दडलेली. ती शाबूत असेपर्यंत तिचे कोणी नाव घेत नाही. आणि ती निकामी झाली म्हणजे दोष भलत्याच्याच माथी जातो.

निपाणीच्या माझ्या मामांकडे आजोबांच्या वेळची एक स्टँडर्ड हेरल्ड मोटार आहे. जिओव्हानी मिकेलोट्टी या इटालियन कलावंताने रेखाटलेली ही गाडी १९५९ साली इंग्लंडात ‘ट्रायंफ हेरल्ड’ या नावाने निघाली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्या देशात बनविण्यास आरंभ केला. पुढे १९६२ साली हिचाच सांगाडा आखूड करून इंग्लंडात ‘ट्रायंफ स्पिटफायर’ ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार तयार झाली. दोघींच्या पुढच्या चाकांची ठेवण जवळजवळ एकच. त्यामुळे आमचे मामा आपल्या घरगुती गाडीला मोठ्या अभिमानाने ‘स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण’ म्हणतात. सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते, हे सांगताना तर त्यांचा चेहरा उजळून निघतो.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र ही बहीण रुसली. निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी घाटाच्या वळणांवर ती डावीकडे-उजवीकडे भरकटू लागली. ब्रेक दाबला की एका अंगाला ओढ घेई. लहानशा खड्ड्यातही पुढून ‘कट्’ असा आवाज येई. आणि पुढच्या टायरांची एकच कड झिजत चालली. सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. कोणी म्हणाले, “स्टिअरिंग गेले.” कोणी म्हणाले, “सांगाडाच वाकला असेल.” मामींचे म्हणणे निराळेच होते. त्या म्हणाल्या, “पोरांना घेऊन घाटातून जायचे, तेव्हा असली गाडी मला नको. भंगारात देऊन टाका.” त्यांचे काय चुकले? जिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, ती वस्तू आजोबांची असली म्हणून घरातल्या माणसांचे जीव तिच्या स्वाधीन करता येत नाहीत. आणि तरीही, आजोबांचा हात ज्या चाकावर होता ते चाक भंगाराच्या काट्यावर चढणार, या कल्पनेने मामा दोन दिवस धड जेवले नाहीत.

अखेर गाडी बेळगावात एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. मीही सोबत होतो. हेरल्डचे पुढचे तोंड दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटते, त्यामुळे चाकामागचा सारा संसार उघडा पडतो. मिस्त्रींनी सांगाडा आणि चाकाला धरणारा त्रिकोणी आर्म यांच्या फटीत एक लहान पहार घातली व हलकेच दाब दिला. तो भक्कम दिसणारा आर्म दातासारखा हलला आणि तोच ‘कट्’ आवाज आला. “सावकार,” मिस्त्री म्हणाले, “स्टिअरिंग बिचारे निर्दोष आहे. बुश फाटलेत.”

बैलगाडीच्या चाकातही बुश असतो. पण तो लोखंडाचा. त्याच्यात आस फिरतो आणि वंगणावर तो वर्षानुवर्षे चालतो. मोटारीच्या आर्मचा बुश निराळा. एका पोलादी नळीत दुसरी लहान नळी आणि दोहोंच्या मध्ये घट्ट बसविलेले रबर. आतली नळी बोल्टाने सांगाड्याशी जखडलेली, तर बाहेरची आर्मशी. चाक वर-खाली झाले की येथे लोखंडावर लोखंड घासत नाही. मधले रबर किंचित पिळवटते आणि पुन्हा पूर्ववत होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली गंधक व उष्णता यांनी रबर चिवट होते हे उमगले, त्याचे हे फळ. या रबराला वंगण मात्र मुळीच सोसत नाही. तेलाने ते फुगते व कुजल्यासारखे होते. गंमत अशी की, त्याच आर्मच्या दुसऱ्या टोकाला पितळेचा एक सांधा आहे. त्याला वेळोवेळी गिअरचे तेल पाजले नाही, तर आतले पोलादी आटे गंजून चाकाचा दांडाच मोडण्याचे भय! म्हणजे जे एकाला अमृत तेच हातभर अंतरावरच्या दुसऱ्याला विष.

मिस्त्रींनी सांगाड्याखाली भक्कम टेकू दिले, चाके काढली आणि सर्वांत आधी स्प्रिंग आवळून बांधली. दबलेली स्प्रिंग अवचित सुटली तर माणसाचा हात जातो. मग आर्म शेगड्यात धरून, एका बाजूस बारीक आणि दुसऱ्या बाजूस रुंद नळकांडे लावून, जुने बुश दाबून बाहेर काढले. ती नळकांडी मापाप्रमाणे उद्यमबागेतील एका लेथवर कातून घेतली होती. मिस्त्री कानडीत माप सांगत आणि टर्नर मराठीत उत्तर देई. “सावकाश” हा शब्द मात्र दोघांचाही एकच होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भूमीवर पुष्कळ ताण आला आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण लेथपुढे उभ्या राहिलेल्या त्या दोघांना त्या दिवशी एकमेकांचे बोलणे समजण्यात काडीचीही अडचण पडली नाही.

जुना बुश हातात घेऊन मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले. रबर सगळीकडून झिजलेले नव्हते. ते एकाच दिशेने पिळून फाटले होते. “हे म्हातारपणाने मेलेले नाहीत,” ते म्हणाले. “पूर्वी कोणीतरी नवे घातले, पण गाडी अधांतरी असतानाच बोल्ट आवळले.” मामांनी विचारले, “त्याने काय होते?” मिस्त्री म्हणाले, “चाक लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हाच आवळले म्हणजे ती झुकलेली स्थितीच रबराची विश्रांती ठरते. मग गाडी जमिनीवर आली की बिचारे उभ्या जागीही पिळलेले. रात्रंदिवस पिळलेले! किती दिवस टिकणार?”

मामांनी हल्लीच्या टणक पॉलियुरेथेनच्या बुशांविषयी विचारले. ते अधिक काळ टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक हादरा अंगावर पोहोचवितात, असे सांगून मिस्त्रींनी रबरच पसंत केले. साबणाचे पाणी लावून नवे बुश सरळ रेषेत दाबून बसविले. बोल्ट घातले, पण नुसते हाताने फिरवून सोडले. चाके चढवली, गाडी खाली उतरवली, मामांना व मला आत बसवून ती चार हात पुढे-मागे ढकलली. तिचा सारा भार चाकांवर नीट स्थिरावला, तेव्हा मिस्त्री खाली सरकले आणि त्यांनी पाना घेतला. शेवटी चाकांची दिशाही मापून जुळवली. परतीच्या प्रवासात तवंदी घाटाच्या वळणावर मामांनी एक हात चाकावरून उचलून मला दाखविला. ते एक शब्दही बोलले नाहीत. मामींनी भंगाराची गोष्ट पुन्हा काढली नाही. मात्र पुढच्या रविवारी पोरांना बसविण्याआधी स्वतः घाटापर्यंत जाऊन आल्या.

त्या दिवसापासून मिस्त्रींचा तो नियम माझ्या मनात घोळत आहे. कित्येक निश्चय आपण सुटीच्या दिवसांत, अंगावर काही भार नसताना, करकचून आवळतो: पहाटे उठेन, कोणावर रागावणार नाही, रोज इतकी पाने वाचीन. मग शाळा सुरू होते, परीक्षा येते, घरची कामे येतात आणि पहिल्याच आठवड्यात ते निश्चय पिळवटून फाटतात. दोष आपण इच्छाशक्तीला देतो. निश्चय वाईट नसतात. ते अधांतरी असताना आवळलेले असतात. रोजचा भार अंगावर घेऊन, त्या वजनाने आपण किती खाली बसतो हे पाहून मग बोल्ट आवळावा, म्हणजे पुढच्या खड्ड्यांपुरते लवण्याचे बळ आत शिल्लक राहते.