बोट मेल

चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून संध्याकाळी रामेश्वरकडे निघणाऱ्या एका गाडीला अजूनही ‘बोट मेल’ म्हणतात. बोट बंद होऊन चाळीस वर्षे उलटली. नाव तेवढे राहिले.

पूर्वी मद्रासहून कोलंबोला जायचे तर तुतिकोरिनपर्यंत रेल्वे आणि पुढे रात्रभर आगबोट, असा मार्ग होता. १९१४ साली पांबनचा रेल्वेपूल खुला झाला आणि हा मार्ग बदलला. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या त्या पुलावरून गाडी रामेश्वर बेटावर पोहोचली. बेटाच्या टोकाशी, धनुष्कोडीच्या धक्क्यावर, तिचे प्रवासी आगबोटीत चढत. समोरचे तलैमन्नार तेथून जेमतेम ३५ किलोमीटर. तेथे कोलंबोची गाडी मिळे. मद्रासला काढलेले एकच तिकीट या तिन्ही टप्प्यांना चाले. (अलीकडचा रूळ मीटरगेज, पलीकडचा ब्रॉडगेज. मधला समुद्र आटला असता तरी डबे थेट गेले नसते!)

काशी-रामेश्वर करणाऱ्या मराठी माणसाला धनुष्कोडी ठाऊक आहे ते सेतुस्नानासाठी. परंतु या धक्क्यावरून पलीकडे जाणाऱ्यांत फार मोठा वर्ग ना यात्रेकरूंचा होता, ना साहेबांचा. तो होता सिलोनच्या चहामळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांचा.

त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच एक निराळे तिकीट निघाले होते. पत्र्याचा छोटा बिल्ला, त्यावर मळ्याची खूण ठोकलेली. बिल्ला दाखवला की प्रवासाचा खर्च मळ्याच्या नावे मांडला जाई. माणूस कोणत्या मळ्याचा हे बिल्लाच सांगे. माणसाला काही विचारण्याची गरजच उरत नसे. पुलाच्या अलीकडे, मंडपम येथे, सिलोन सरकारने भारताच्या भूमीवर विलगीकरण छावणी चालवली होती. पटकी आणि प्लेगच्या भयाने मजुरांना तेथे काही दिवस अडकवून ठेवले जाई, मगच बोट मिळे. ‘मंडपम कॅम्प’ हे रेल्वेस्थानक आजही आहे.

या मजुरांच्या नातवंडांना मळ्याखेरीज दुसरे गाव ठाऊक नव्हते. तरीही स्वतंत्र सिलोनने १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाव्हो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० सिलोनने ठेवायची. उरलेल्या १,५०,००० जणांचे पुढे पाहू, असे ठरले. हा हिशेब वाचताना पत्र्याचा बिल्ला आठवल्यावाचून राहत नाही.

त्यानंतर आठ आठवडेही लोटले नव्हते. २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीकडे आलेली पॅसेंजर गाडी शंभराहून अधिक प्रवाशांसह समुद्राने ओढून नेली. कोणीही वाचले नाही. धक्का गेला, गाव उद्ध्वस्त झाले, आणि ते राहण्यास अयोग्य ठरवण्यात आले.

मोडलेला पूल ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला, ही कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तिचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. बोट आता रामेश्वरहून सुटू लागली आणि तिच्या परतीच्या फेऱ्यांतून करारातली माणसे येऊ लागली. आजोबा ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, पण कधीही न पाहिलेल्या ‘स्वदेशी’! त्यांतील अनेकांच्या पुनर्वसनासाठी तमिळनाडू सरकारने निलगिरीत मळे उभारले. तेही चहाचेच.

ऐंशीच्या दशकात श्रीलंकेत यादवी भडकली आणि बोट थांबली. भारतीय पारपत्र हाती असलेली हजारो माणसे मळ्यांवरच राहिली: जेथे जन्म झाला तेथे परकी, आणि ज्या देशाची ती कागदोपत्री होती तेथे नेणारी बोट नाही. श्रीलंकेच्या नागरिकत्वाची वाट त्यांच्यासाठी मोकळी झाली ती २००३ च्या कायद्यानंतर.

त्याच ऐंशीच्या दशकात युद्धातून निसटलेली तमिळ कुटुंबे मासेमारीच्या होड्यांतून, विनातिकीट, या किनाऱ्याला लागत होती. त्यांच्यासाठी ज्या ठिकाणी छावण्या उघडल्या गेल्या, त्यांपैकी एक होते मंडपम.