अर्शाची लाज

चिखलीच्या बसस्थानकावरून घरी येताना ज्या व्याधीची जाहिरात भिंतीभिंतींवर वाचावयास मिळते, तिच्याविषयी घराघरांत मात्र कडकडीत मौन पाळले जाते. ही व्याधी म्हणजे मूळव्याध. बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हांसही याविषयी दोन वर्षे वाचा फुटली नाही. शौचाच्या वेळी रक्त पडे; त्याचे खापर आम्ही ठेच्यावर फोडीत असू आणि खुर्चीत कूस बदलून बसत असू.

आमच्या पूर्वजांस ही लाज नव्हती. सुश्रुताने अर्शाचे सविस्तर विवेचन करून औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले. सुरणास तर संस्कृतात ‘अर्शोघ्न’ असे नावच पडले. आणि इकडे शेक्सपिअर शिकविणाऱ्या गृहस्थास ही गोष्ट सहधर्मचारिणीपाशीही बोलवेना! विद्येचा याहून मोठा पराभव कोणता?

अखेर धुण्यातील डाग पाहून तिनेच आम्हांस बुलढाण्यास एका शल्यवैद्यांकडे नेले. ते म्हणाले, “सर, गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सर्वांनाच असतात. मलावरोधाने व कुंथण्याने त्या फुगून खाली सरकल्या, की तिला मूळव्याध म्हणावयाचे. यात लाजण्यासारखे काय आहे?” भरपूर पाणी, पालेभाज्या, इसबगोल आणि शौचास फार वेळ न बसणे, एवढ्यानेच पुष्कळांस उतार पडतो, आम्हांस मात्र कोंबाच्या मुळाशी रबराचे बारीकसे कडे बसवून घ्यावे लागले. परंतु त्याआधी त्यांनी दुर्बिणीने आतडे तपासले. कारण पडणारे प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे नाही. आतड्याचा कर्करोगही याच वेषाने येतो.

हे ऐकताना आम्हांस आमचे एक सहाध्यापक आठवले. त्यांनीही कोणास न सांगता भिंतीवरच्या एका पत्त्यावर पुड्या घेण्यात वर्ष घालविले होते. त्यांस मूळव्याध नव्हतीच. निदान झाले तेव्हा उपायाची वेळ टळून गेली होती. व्याधीने त्यांस नेले हे खरे; पण वाट मोकळी करून दिली ती संकोचाने.

तेव्हापासून कोणी खुर्चीत कूस बदलताना दिसला, की आम्ही त्यास एकांतात गाठून सरळ विचारतो. पुष्कळदा तो रागावतो. त्याचा तो राग आम्ही आनंदाने सोसतो.