रिकामा रकाना

स्पर्धा परीक्षांमधल्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला की पुण्यातल्या सदाशिव पेठेचा आणि नवी पेठेचा आवाज बदलतो. वर्ष-वर्ष अभ्यासिकेत मान खाली घालून वाचणारी मुलं चहाच्या टपरीवर, मेसच्या जिन्यात, शास्त्री रस्त्याच्या कडेला उभी राहून एकमेकांना प्रश्न विचारू लागतात. लिहिण्याची सवय असलेल्यांना आता बोलायचं असतं. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून या दिवसांत मी अभिरूप मुलाखतींच्या पॅनेलवर बसते. मुलं त्याला ‘मॉक’ म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. राज्यघटना, अर्थकारण, आंतरराष्ट्रीय संबंध यांचे प्रश्न विचारणारे माझे सहकारी तयारीचे आहेत. मी मुलांची भीती बघते. ती कुठून येते आणि कशाने उतरते, एवढंच माझं काम, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन-तीन वर्षांची मेहनत केवळ दातखीळ बसल्यामुळे वाया जाताना बघणं सहन होत नाही.

भीती आधी शरीरात दिसते. खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखं बसणं, हात टेबलाखाली, घशाला कोरड, बोलताना वाक्याच्या शेवटी संपणारा श्वास. तळहात गार पडतात, कारण अशा वेळी रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. शरीर पळायची किंवा झुंजायची तयारी करत असतं. मुलांना हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण थरथर म्हणजे आपला कमकुवतपणा असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. थरथर म्हणजे धडधाकट शरीराने आपलं काम चोख करणं.

या शरीराशी बोलायची एक वाट आहे, ती म्हणजे श्वास. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी व्हेगस हा मज्जातंतू हा उतार घडवतो. म्हणून श्वास सोडणं लांबवायचं. मनात चार अंक मोजत आत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पण हे दाराबाहेर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा करायचं नाही. महिनाभर आधीपासून रोज रात्री झोपताना केलं, तर त्या दिवशी शरीर ते ओळखतं. स्वच्छतागृहात जाऊन कमरेवर हात ठेवून छाती पुढे काढून उभं राहण्याची टूम मात्र मी कुणाला सांगत नाही. 2010 साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी त्यावर निबंध लिहिला आणि ती जगभर गेली. पुढे मोठ्या प्रयोगांत शरीरातल्या संप्रेरकांवर होतो म्हणून सांगितलेला परिणाम सापडला नाही, आणि 2016 साली त्या निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. मनाला बरं वाटत असेल तर जरूर उभं राहावं, त्यावर भिस्त ठेवू नये.

श्वासाने हात स्थिरावतात, पण मूळ भीती तिथे नसते. ती आयोगाला भरून दिलेल्या फॉर्ममध्ये असते.

हे मला एका मुलीने शिकवलं. तासगावकडची. पदवी 2017 ची, त्यापुढे कामाच्या अनुभवाचा रकाना रिकामा. मॉकला आली तेव्हा अंगठ्याने दुसऱ्या हाताचं बोट चोळत होती, तेही टेबलाखाली, पण खांदा हलायचा त्यामुळे कळायचं. पंचायतराजवर चांगलं बोलली, दुष्काळावर चांगलं बोलली. मग कुणीतरी सहज विचारलं, ‘‘पदवीनंतर इतकी वर्षं काय केलंत?’’ ती म्हणाली, ‘‘अभ्यास केला, सर.’’ आणि त्या तीन शब्दांनंतर ती मुलाखत संपल्यातच जमा होती. पुढच्या साध्या प्रश्नांनाही तिचं उत्तर घशाच्या अलीकडे येईना.

नंतर ती आणि मी दोघीच बसलो. विचारलं, ‘‘खरंच नुसता अभ्यास केलास?’’ बराच वेळ गप्प बसून म्हणाली, ‘‘मामाच्या दुकानात बसायचे, मॅडम. कृषी सेवा केंद्र आहे.’’ नेमणुकीचं पत्र नाही, पगार नाही, म्हणजे कागदावर ती नोकरी नव्हतीच. पण तिच्या मनात ती लाज होती. बरोबरीच्या मुली कंपन्यांत लागलेल्या आणि आपण औषधाच्या डब्यांमागे. म्हटलं, त्या दुकानातलं काहीही सांग.

मग ती बोलायला लागली. ऑक्टोबर छाटणीनंतर हवा ढगाळली की सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात गाड्या लागतात. माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत द्राक्षाचं पान घेऊन येतात, काउंटरवर उलटं ठेवतात आणि विचारतात, दावण्या आहे का बघा. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की दावण्या. भुरी वेगळी, ती राखेसारखी वरूनही दिसते. एक शेतकरी सांगेल ते औषध उधारीवर नेतो, दुसरा आपल्याला ठाऊक असलेलंच मागतो, तिसऱ्याला सांगावं लागतं की माल काढायला इतके दिवस राहिलेत, आता हे मारू नका, निर्यातीच्या मालात अंश सापडला तर कंटेनर परत येतो. उधारीची वही तीच लिहायची. कुणाची बाग त्या वर्षी गेली हे तिला गावाच्या आधी कळायचं, कारण तो माणूस दुकानासमोरून न थांबता जायचा.

हे सांगताना तिचे हात टेबलावर आले होते. एका हाताने ती पान उलटं करून दाखवत होती, हातात पान नव्हतं तरी. आवाज पूर्ण भरलेला. मी तिला श्वासाचं काही सांगितलं नव्हतं.

ज्या रकान्यावरून आपण प्रश्न येऊ नये म्हणून प्रार्थना करत असतो, तिथे भीती दबा धरून बसते आणि सगळ्या मुलाखतीभर तिथूनच आपल्याला ओढत राहते. कुणाचा तो रकाना बारावीच्या टक्क्यांचा असतो, कुणाचा इंजिनिअरिंगच्या केटींचा, कुणाचा आधी हुकलेल्या प्रयत्नांचा. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना पुष्कळांचा असतो, आणि ते बघून फार वाईट वाटतं, कारण त्या वडिलांच्या कष्टावरच ते पोर तिथवर आलेलं असतं. छंद म्हणून ‘वाचन’ लिहून ठेवलेलं असतं आणि हातात अलीकडे एकही पुस्तक धरलेलं नसतं, हीसुद्धा एक छोटी पण चिवट भीती आहे. खासगी कंपनीत मुलाखतीला जाणाऱ्यांचंही वेगळं नाही. तिथे बायोडेटात दोन नोकऱ्यांमधलं मोकळं वर्ष असतं, किंवा पहिली नोकरी का सोडली याचं खरं कारण.

तो रकाना सापडायला सोपा असतो. मुलांना मी त्यांचा फॉर्म मोठ्याने वाचायला लावते, पहिल्या ओळीपासून. जिथे आवाज उतरतो किंवा एकदम वेग वाढतो, तिथे पेन्सिलीने टिंब करते. बहुतेकांची दोन किंवा तीन टिंबं निघतात, जास्त नाही. मग त्या टिंबांवरच बोलायचं. सजवायचं नाही, दुःख विकायचं नाही, समर्थनही करत बसायचं नाही. काय घडलं, त्यातून काय बघितलं, आज त्याचा काय उपयोग, एवढं साध्या मराठीत. एकदा मला, एकदा मित्राला, एकदा आईला सांगायचं. आईला सांगणं सगळ्यांत अवघड जातं, म्हणून तेही करायचं. तीन-चारदा बोलून झालं की तो रकाना इतर रकान्यांसारखाच होतो आणि थरथर उरली तरी ती फक्त शरीराची उरते. तिच्यासाठी श्वास पुरतो.

खोटा धीर मी देत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षा 1750 गुणांची आणि मुलाखत 275 गुणांची. आपल्या राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीतही तेच आकडे आहेत. या 275 मधल्या फरकाने पद बदलतं, यादीतलं नावही हुकतं. हे मुलांना माझ्याआधी ठाऊक असतं. पण त्याच आकड्यांची दुसरी बाजूही खरी आहे. 1750 गुणांचं काम तुम्ही केव्हाच लिहून दिलेलं आहे, ते आता कुणी काढून घेऊ शकत नाही. केंद्रीय आयोग आपल्या अधिसूचनेतच म्हणतो की ही उलटतपासणी नाही, हेतू धरून केलेलं पण सहज असं संभाषण आहे. मी वर्षानुवर्षं टेबलाच्या या बाजूला बसते आहे. समोरच्याला पाडावं असं वाटणारे सदस्य मला फार थोडे भेटले.

या बाजूने दिसणारी आणखी एक गोष्ट सांगते. तुम्हाला वाटतं तितकं तुमचं घाबरणं आम्हाला दिसत नाही. आपल्या छातीतली धडधड समोरच्याला ऐकू जात असणार असं प्रत्येकाला वाटतं, कारण ती आपल्याला एवढ्या जोराने ऐकू येत असते. साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केले. घबराट बाहेर आपल्याला वाटते तितकी दिसत नाही, एवढंच ज्यांना आधी समजावून सांगितलं होतं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. हे वाचल्यापासून मी मॉकनंतर मुलांना विचारते, किती घाबरला होतास? मग पॅनेलला विचारते, तुम्हाला किती वाटलं? दोन उत्तरांतलं अंतर ऐकून पोराचा चेहरा उजळतो.

आत गेल्यावरच्या गोष्टी थोड्याच. प्रश्न पुरता ऐकायचा आणि मग एक श्वास सोडून बोलायला लागायचं. ती शांतता तुम्हाला लांब वाटते, आम्हाला ती विचार केल्यासारखी दिसते. माहीत नसेल तर ‘याची मला माहिती नाही, सर’ हे पूर्ण वाक्य, मान वर ठेवून, आवाज न पाडता. मॉकमध्ये मी मुद्दाम लागोपाठ अशा गोष्टी विचारते ज्या कुणालाच येणार नाहीत, फक्त हे वाक्य तोंडात बसावं म्हणून. चौथ्या-पाचव्यांदा म्हणताना त्यातला अपराधीपणा गेलेला असतो. आणि एखादं उत्तर फसलं तर ते तिथेच सोडायचं. पुढचा प्रश्न दुसऱ्या सदस्याचा असतो, आणि तो सदस्य तुमच्या फसलेल्या उत्तराचा विचार करत नसतो, आपल्या प्रश्नाचा करत असतो.

आधीच्या दिवसाचं थोडं. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आठवडाभर घालून चाला. शिवलेला सूट घालून निदान दोन मॉक द्या, म्हणजे गळपट्टा कुठे आवळतो ते आधी कळेल. रोजचंच खा. दिल्लीला धोलपूर हाउसमध्ये फोन जमा करावा लागतो, आणि सत्रात तुमचा क्रमांक शेवटचा आला तर आत जाईपर्यंत दोन-तीन तास रिकामे हात घेऊन बसायचं असतं. बाजूच्याशी चालू घडामोडी घोकत बसू नका. त्याचं गाव विचारा, तिथे काय पिकतं ते विचारा. त्या गप्पांत आवाज मोकळा होतो आणि आत जाताना तो मोकळाच राहतो.

घरच्यांना विनंती, त्या सकाळी फोन करून ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. आपण घाबरायला हवं होतं हे पोराला त्यानेच आठवतं. जेवलास का, एवढंच विचारा.

आणि माझी खरी विनंती टेबलाच्या या बाजूच्या माणसांना आहे, मग ते आयोगाचे असोत, बँकेचे असोत, एखाद्या लहान कारखान्याचे असोत. पहिला प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर त्या माणसाला नक्की येतं. गाव कुठलं, तिथून इथवर कसे आलात, तिकडे पाऊस कसा आहे. त्याला जेमतेम एक मिनिट लागतं, आणि पुढची सगळी मिनिटं तुम्हाला खरा माणूस समोर मिळतो. अवघड विचारायला पुढे भरपूर वेळ असतो.