डग्ग्याचा घुमार आणि सामाईक भिंत

वाईटाकडून चांगल्याकडे जायला फारसा विवेक लागत नाही, पैसा पुरतो. चांगल्याकडून अधिक चांगल्याकडे जायचे म्हटले की मात्र ‘अधिक’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते. एकाच कवितेच्या दोन उत्तम अनुवादांतून एक निवडताना जी अडचण येते, तीच आम्हा उभयतांना ध्वनिक्षेपकांच्या बाबतीत आली.

आमच्याकडची जोडी सामान्य नव्हे. बीबीसीने १९७० च्या दशकाच्या आरंभी, बाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी फिरणाऱ्या गाड्यांत मावेल असा ‘एलएस ३/५ ए’ नावाचा छोटा स्पीकर घडवला. त्याच्या कुळातली ही जोडी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांकडून आमच्याकडे आली. फूटभर उंचीची बंद पेटी आणि तीत दोन पडदे, एवढाच तिचा संसार. पण मानवी कंठाशी तिचे इमान पक्के. मल्लिकार्जुन मन्सूर दोन तानांच्या मध्ये कुठे श्वास घेतात, हे आम्हांला तिने ऐकवले.

मात्र सुमारे ८० हर्ट्‌झच्या खाली ही पेटी क्षीण होत जाते. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज असतो ६९ हर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे इतकी वर्षे आम्ही खर्ज ऐकतच नव्हतो काय? ऐकत होतो, हीच तर गंमत आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार ज्या रीतीने टेकते, तिच्यामुळे उपस्वर विलक्षण समृद्ध होतात, याचा विचार सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या आपल्या निबंधात केला आहे. हे उपस्वर कानी पडले की मूळ स्वर दुबळा असला तरी मन तो भरून काढते. आनंदवर्धनाच्या अर्थानेही हा ‘ध्वनी’च: जे उच्चारलेले नाही, पण प्रतीत होते ते. वर्गात व्यंजना शिकवताना याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

डग्ग्याचे तसे नाही. मनगटाच्या दाबाने निघणाऱ्या घुमाऱ्याचे व्यंजनेवर भागत नाही. तो अंगावर यावा लागतो. म्हणून आमच्याच तबकड्या सोबत घेऊन आम्ही एका दुकानात कंबरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर ऐकले. विलंबित एकतालाचा ठेका सुरू झाला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते श्रेष्ठ होते, यात शंका नाही. ही द्राक्षे आंबट नव्हती. किंमत दोघांच्या मिळून चार महिन्यांच्या पगाराएवढी, पण ती जमवता आली असती.

जमणार नव्हती ती खोली. कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, खाडीच्या कडेला मच्छीमार नगर आहे. तिथे आम्ही दोन खोल्यांत राहतो. बाहेरची खोली दहा बाय बारा. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर आपोआप फुगतो. मोठा स्पीकर इथे डग्गा वाजवणार नाही, खोलीच वाजवील. शिवाय समुद्राची दमट हवा. पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर अशा हवेत तिचा काही वर्षांत भुगा होतो, रबराची टिकते. पण हे दोन्ही प्रश्न तांत्रिक होते आणि त्यांना तांत्रिक उत्तरे मिळाली असती.

तिसरा प्रश्न भिंतीपलीकडचा. तिथे मासे विकणाऱ्या मावशी राहतात. पहाटे तीनला उठून त्या ससून डॉकवर जातात आणि रात्री आठला पाठ टेकतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्र दहाला सुरू होते. मावशींची त्याआधी दोन तास. खालचे स्वर भिंतीला जुमानत नाहीत. वरचे अलीकडेच अडतात. म्हणजे ख्याल आमच्याकडे राहणार आणि पलीकडे जाणार फक्त धपधप. आमच्या छोट्या पेट्यांविषयीही मावशी एकदा हसत म्हणाल्या होत्या, “तुमचा तबला माझ्या उशाशी वाजतो हो.” त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच तो शब्द खाली पडू देणे आम्हांला शक्य नव्हते.

रसिकतेच्या चर्चेत आपण ‘सहृदय’ हा शब्द फार सैल हाताने वापरतो. ज्याचे हृदय कलाकृतीशी समरस होते तो सहृदय, असे विद्यार्थ्यांना सांगतो. ज्याच्या आस्वादाची किंमत शेजारी झोपमोडीने चुकवतो, त्याला काय म्हणावे, हे शास्त्रात लिहिलेले नाही.

आम्ही मोठे स्पीकर घेतले नाहीत. जुनी जोडी सामाईक भिंतीपासून दूर, जड स्टँडवर ठेवली. त्या भिंतीला पुस्तकांची कपाटे लावली. पुस्तके सगळा खर्ज अडवत नाहीत, पण खोलीतले प्रतिध्वनी विस्कटतात. आणि ऐकण्याची खुर्ची निम्म्या अंतरावर ओढली. अंतर निम्मे झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. तेवढे बटण आम्ही खाली उतरवले. गाणे जवळ आले आणि तबला उशापासून बराच लांब गेला.

डग्ग्याची उणीव अर्थात राहिली. ती भागवण्यासाठी आम्ही अधूनमधून नरिमन पॉइंटला जातो. माइकशिवाय गाणे मागच्या रांगेपर्यंत पोहोचावे, या हेतूने बांधलेले आणि १९८० पासून चालू असलेले एनसीपीएचे टाटा थिएटर तिथे आहे. परतताना आमच्यात क्वचित त्या कंबरेएवढ्या स्पीकरांचा विषय निघतो. ते चांगले होते, हे आम्ही दोघेही मान्य करतो.