मुख्यालयी राहत असल्याबाबत

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाच्या फाइलीत एक कागद असतो. तो लिहिणारा, त्यावर सही करणारा आणि तो फाइलीला लावणारा, तिघांनाही त्यातला मजकूर बहुधा खरा नसल्याचं ठाऊक असतं. ‘सदर शिक्षक मुख्यालयी राहत असल्याबाबत दाखला.’ मुख्यालय म्हणजे शाळेचं गाव, मग ती चाळीस उंबऱ्यांची वाडी का असेना. तिथे राहिलात तर घरभाडे भत्ता. पूर्वी सरपंचाच्या सहीवर भागायचं. २०१९ मध्ये ग्रामविकास विभागानं ठरवलं, की त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. म्हणजे आधी एकट्या सरपंचाला खोटं लिहावं लागायचं, आता अख्ख्या गावाला हात वर करावा लागतो. २०२२ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला आणि धुरळा उडाला. शिक्षक म्हणाले, आमची बदनामी चालवली आहे. गावकरी म्हणाले, बोलले ते काय खोटं आहे? मला दोन्हीकडचं पटत होतं. मी वाडीवर राहून नोकरी केली आहे आणि अप-डाऊन करूनही केली आहे, अजून करते आहे.

माझा तालुका माण, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा. महाबळेश्वराचा पाऊस पेपरात वाचायचा आणि आपल्या आभाळाकडे बघायचं, अशी इथली रीत. इथली माणसं पूर्वापार बाहेर जाऊन जगणारी. कोणी मेंढरं घेऊन हिंडतो, कोणी मुंबईत माथाडी. कामाच्या गावी राहायचं की घराच्या गावी, हा प्रश्न इथल्या माणसाला नवा नाही. फक्त त्याला कोणी दाखला मागितला नाही.

याच मुलुखात, औंध संस्थान होतं त्या काळात, व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीतला मास्तर बनगरवाडीला गेला. शिक्षकानं गावात राहावं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कुठेतरी तो मास्तर असतो. गावाची कागदपत्रं बघणारा, भांडणात पडणारा, गावाचाच होऊन गेलेला. पण तो तरणा होता आणि एकटा होता, हे आपण विसरतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एकटे नव्हते. ते नोकरीला लागले त्याच सुमारास, १९५९ मध्ये, साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. दिवसा पोरांची शाळा आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्या माणसांची. दिवसभर नांगर धरलेली बोटं पाटीवर पेन्सिल धरताना कशी थरथरायची, हे अण्णा हात करून दाखवायचे. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पुढे ती मोहीम राज्यभर गेली. हे सगळं झालं ते शिक्षक गावात झोपायला होते म्हणून. संध्याकाळच्या गाडीनं तालुक्याला परतणाऱ्या माणसांकडून रात्रीचे वर्ग झाले नसते, हे मी शिक्षक संघटनेच्या बैठकीतसुद्धा बोलले आहे. तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

पण त्या रात्रीच्या वर्गांची दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. अण्णांची बदली झाली की आई बिऱ्हाड बांधायची. नव्या गावात पाणी कुठलं, दळण कुठे, कोणाच्या दारात बसायचं आणि कोणाच्या नाही, हे सगळं पहिल्यापासून. आम्हा भावंडांच्या शाळा बदलायच्या. तालुक्याहून येणारे साहेब जेवायला आमच्याकडे. भूक लागलेलं एखादं पोर दुपारी आमच्याच चुलीपुढे. गावकरी म्हणायचे, गुरुजी म्हणजे देवमाणूस. आईला कोणी काही म्हणत नसे, आणि तिला घरभाडे भत्ताही नव्हता. मुख्यालयी राहण्याचा नियम ज्या गुरुजींना डोळ्यांपुढे ठेवून झाला, त्या गुरुजींना मागोमाग येणारी बायको होती. नियम तसाच राहिला आणि गुरुजींच्या जागी मी आले. माझ्यामागून बिऱ्हाड घेऊन येणारं कोणी नव्हतं.

माझे यजमान फलटणला नोकरीला. मधे मोगराळे घाट. सरकारला ही अडचण कळत नाही असं नाही. २०१७ च्या बदली धोरणात नवरा-बायकोच्या नोकरीच्या गावांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर बदलीत वेगळा विचार आहे. म्हणजे बदलीच्या कागदावर नवरा-बायकोनं एकत्र राहावं असं सरकारच म्हणतं, आणि भत्त्याच्या कागदावर दोघांनी आपापल्या मुख्यालयी राहावं असंही सरकारच म्हणतं.

मुलगा लहान होता तोवर मी वाडीवर राहिले. वाडीतल्याच एक आक्का, त्यांच्या घराला लागून एक खोली होती, तिथे. यजमान शनिवारी यायचे, सासूबाई हंगाम बघून यायच्या. त्या दिवसांनी मला शिकवलं ते डीएडला कोणी शिकवलं नव्हतं. चौथीतला एक मुलगा वर्गात झोपायचा. एखाद्या रात्री नाही, एक आठवडा ठीक असायचा आणि दुसरा आठवडा रोज. मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण एका रात्री कुत्री भुंकली म्हणून बाहेर आले, तर रानात बॅटरीचा उजेड हलताना दिसला. आक्का म्हणाल्या, “लाइट रातीची हाय न्हवं ह्या आठवड्यात. बाप मोटर बघतोय, पोरगं दारं धरतंय.” शेतीची थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळायची. पोराची झोप वीज मंडळाच्या वेळापत्रकावर चालली होती. मग त्या आठवड्यात त्याचं गणित मी दुपारच्या सुट्टीनंतर घ्यायला लागले, तोवर तो खिचडी खाऊन ओट्यावर एक डुलकी काढायचा. हजेरीपत्रकात याला रकाना नाही.

आणि याच मुक्कामाची किंमत अशी, की मी कधीच घरी नसायची. रात्री नऊला कोणीतरी फॉर्म घेऊन दारात. बँकेची नोटीस आली, वाचून दाखवा. सुनेनं माहेरी चिठ्ठी पाठवली, त्यात काय लिहिलंय बघा. माझ्याकडे कोण आलं, मी बाजारातून काय आणलं, यजमान या शनिवारी का आले नाहीत, याची चर्चा पारावर. वाईट हेतूनं नाही, पण चर्चा. एकट्या बाईनं खेड्यात राहणं म्हणजे काय, हे नियम करणाऱ्यानं एकदा पहाटे साडेचारला डबा घेऊन बाहेर जाऊन बघावं. मुलगा माझ्याच वर्गात. शाळेत मला ‘बाई’ म्हणायची त्याला सवय लावली होती. पुढे पुढे घरी ताप आला तरी तो ‘बाई, पाणी’ म्हणायला लागला.

वाडीवरची शाळा चौथीपर्यंत. तो पाचवीला गेला आणि आम्ही दहिवडीत घर घेतलं. माझ्या माहितीतल्या बहुतेक शिक्षकांचं बिऱ्हाड याच वळणावर तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेलं आहे. मूळ पगाराच्या आठ-दहा टक्के भत्ता मिळतो की जातो, यावर हा निर्णय कोणीच घेतलेला मी पाहिला नाही. तो मुलाच्या पाचवीवर, नवऱ्याच्या नोकरीवर आणि सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठरतो.

आता अप-डाऊनचं. शहरातला माणूस म्हणेल, अंतर ते केवढं, त्यात काय. अडचण अंतराची नाही, दिशेची आहे. एसटीचं खेड्यातलं वेळापत्रक खेड्यातून तालुक्याला जाणाऱ्यासाठी बनलेलं असतं. मुक्कामी गाडी रात्री वाडीवर येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपतात, सकाळी उजाडता उजाडता ती भरून दहिवडीला निघते. त्याच वेळी मला दहिवडीहून वाडीवर जायचं असतं. माझ्या दिशेची पहिली गाडी पोचते तेव्हा परिपाठ संपलेला असतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेव्हा घरात सगळे म्हणाले, आता तुझं बरं झालं. गाडीच नाही तिथे अर्ध्या तिकिटाचं काय करू? मग वडाप, म्हणजे खासगी जीप. वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि सकाळी वाडीकडे जाणारं माणूस नसतं, म्हणजे ती भरतच नाही. शेवटी त्या रस्त्यावरच्या चार-पाच शाळांतल्या आम्ही शिक्षकांनी गाडी ठरवली, महिन्याच्या वर्गणीवर.

त्या गाडीबद्दल लोक कुत्सितपणे बोलतात. ‘शिक्षकांची गाडी’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हसू येतं. महागाई भत्ता, बदल्यांमधला खो आणि शिक्षक बँकेची निवडणूक हे विषय तिथे असतातच, नाकारत नाही. पण द्विशिक्षकी शाळेला स्टाफरूम नसते. दोन शिक्षक, चार वर्ग, आणि एकाला तालुक्याला मीटिंग असली की एकच शिक्षक. वर्षानुवर्षं आपल्यासारखं काम करणाऱ्या माणसाशी आपण बोलतच नाही. माझी स्टाफरूम ती गाडी होती. अपूर्णांक भाकरी मोडून शिकवायचे नाहीत, दोरीला घड्या घालून शिकवायचे, कारण भाकरीचे तुकडे कधी सारखे होत नाहीत, हे मला शेजारच्या शाळेतल्या सरांनी त्या गाडीत सांगितलं. वाडीवर राहत होते तेव्हा मी एकटीनंच शिकवत होते, आणि माझ्या चुका मला दाखवायला कोणी नव्हतं.

मग गेलं काय? शेवटचा तास गेला. गाडी पाचला येणार म्हणजे पावणेपाचला पर्स आवरलेली असते. मुलांना घड्याळ वाचायला मी शिकवलेलं, ती माझ्या आधी घड्याळाकडे बघतात. स्कॉलरशिपचा जादा वर्ग गेला, निदान मनापासून घेतलेला तरी. आणि रानातला बॅटरीचा उजेड गेला. वर्गात झोपणारं पोर आता माझ्यासाठी नुसतं झोपणारं पोर आहे. विचारलं तर सांगतं, पण विचारायचं सुचलं पाहिजे. गाडीतली स्टाफरूम आणि आक्कांची खोली यांतलं एक निवडायचं असतं तर शाळेसाठी मी खोली निवडली असती, माझ्या घरासाठी नाही. ही दोन उत्तरं मी एकत्र बसवायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

शिक्षक गावात राहत नाही म्हणून ओरडणारं गाव तरी गावात कुठे राहतं? सकाळी मी वाडीत शिरते तेव्हा समोरून पिवळी व्हॅन येते. तिच्यात वाडीतली पोरं टाय लावून दहिवडीच्या इंग्रजी शाळेत निघालेली असतात. आम्ही एकमेकांना रोज हात करतो. तलाठ्याच्या सज्जात अनेक गावं, ग्रामसेवकाकडे शेजारच्या गावाचाही चार्ज. आमच्या वाडीचे एक सरपंच स्वतः दहिवडीत राहायचे, मुलांच्या शिक्षणासाठीच. ग्रामसभेच्या दिवशी आम्ही दोघं एकाच रस्त्यानं वाडीवर जायचो, ते मोटारसायकलवर आणि मी गाडीत. तिथे पोचल्यावर मी मुख्यालयी राहत असल्याचा ठराव व्हायचा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. मग चहा. आक्का मात्र एका वर्षी चहा देताना म्हणाल्या, “बाई, ऱ्हाता म्हणं तुमी हितं. मला कसं दिसला न्हायसा?” सगळे हसले. मीही हसले. मला वाटतं भत्ता भत्त्याच्या जागी सरसकट द्यावा, आणि गावात राहणं हवं असेल तर ते विकत घेण्याऐवजी शक्य करावं. आतून कडी लागणारं न्हाणीघर असलेल्या दोन खोल्या शाळेशेजारी बांधाव्यात आणि सकाळची एक गाडी उलट्या दिशेनं सोडावी. ठरावापेक्षा त्याला खर्च जास्त आहे, म्हणून ठराव होतो.

सध्या वाडीवर खरोखर राहणारी शिक्षिका एकच आहे. पवित्र पोर्टलवरून निवड होऊन आलेली, नांदेडकडची, शिक्षणसेविका. महिन्याला सोळा हजार मानधन, पहिली तीन वर्षं. घरभाडे भत्ता नाही. ज्याला भत्ता मिळतो तो गावात राहत नाही आणि जी राहते तिला तो नाही, हे तिनंच मला हिशेब मांडून दाखवलं. दहिवडीत खोली घेऊन रोजचा प्रवास तिला परवडत नाही, म्हणून ती आक्कांच्याच घराला लागून असलेल्या त्या खोलीत राहते. न्हाणीघर आता झालं आहे. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की रविवारी दार बंद ठेव, पहिल्या आठवड्यापासून. तिनं ऐकलं नाही. रविवारी ती पोरींना सायकल शिकवते.

आता तिचं लग्न ठरतंय. मुलगा पुण्यात, हिंजवडीला, संगणकावरची नोकरी. तिच्या मनात आंतरजिल्हा बदलीचं चाललं आहे, अर्ज कधी करता येईल, सेवा किती लागते. मुलाचं काम बहुतेक दिवस घरूनच चालतं, असं ती बोलता बोलता म्हणाली.

“मग तोच का येत नाही वाडीवर?” मी विचारलं. “शाळेच्या गच्चीवर रेंज चांगली आहे.”

तिला आधी हसू आलं. मग मी चेष्टा करत नाही हे लक्षात आल्यावर ती जरा थांबली.

“बाई, त्याला चालेल कदाचित,” ती म्हणाली, “पण त्याच्या आईला कोण सांगणार?”