बिनशिक्क्याची रायफल

आमच्या घरात तिला रायफलच म्हणत. माजघरात देवळीच्या वर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची, आणि गणपतीला घर भरलं की तिची गोष्ट एकदा तरी व्हायचीच. खापरपणजोबा मुंबई लष्करात शिपाई होते, पेन्शनीत निघाले तेव्हा साहेबाने खूश होऊन दिली. वडलांनी ती गोष्ट आजोबांकडून ऐकली, मी वडलांकडून.

वडलांनी सत्तरी ओलांडली तेव्हा परवाना माझ्या नावावर करायचं ठरलं. नियमाप्रमाणे तसं करता येतं. अर्जात बनावट आणि क्रमांक असे दोन रकाने होते, आणि तिथेच आम्ही अडलो. अंगणात चटई टाकून, उन्हात भिंग घेऊन मी नळी, घोडा, चाप, दस्ता सगळं पाहिलं. एक अक्षर नाही, आकडा नाही, मुकुट नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. 1959 च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम म्हणतं की बंदुकीवर ओळखीची खूण नसेल, तर ती बाळगणाऱ्यानेच खोडली असं धरायचं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू एकाएकी आरोपासारखी समोर पडली.

मग मी वाचत सुटलो. आकार थेट 1853 च्या एनफिल्डचा. तशीच लांब नळी, नळी लाकडाला धरून ठेवणारी तीन कडी, बाजूला केप ठेवायची बोंडी. पण एनफिल्डची नळी 39 इंचांची असते, आमची टेपने 36 भरली. कोणीतरी पुढून कापली असेल, अशी मी समजूत काढली. शिक्के राखेने घासून घासून गेले असतील, हीसुद्धा. गोष्ट खरी ठरावी असं मनापासून वाटत होतं.

शेवटी परवाना सोबत घेऊन आम्ही कोल्हापूरला एका जुन्या बंदूक दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. मिस्त्रींनी बंदूक हातात घेतली ती तोंड भिंतीकडे करूनच. "काका, पयलं भरलीय का ते बघू," म्हणाले. गज नळीत सोडला, तोंडाशी खडूची खूण केली, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून धरला. आत गेलेलं टोक बोंडीच्या चार बोटं अलीकडेच थांबलं होतं.

बंदूक भरलेली होती.

आजोबा 1981 च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर तिचा बार कोणी काढला नव्हता, आणि आत काही असेल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. दर निवडणुकीला वडील ती गोणपाटात गुंडाळून एसटीने ठाण्यात जमा करत आणि निकालानंतर परत आणत. लहानपणी मी त्या गोणपाटावर पाय ठेवून बसलोय. आजही ते आठवलं की तळपायाला मुंग्या येतात.

मिस्त्रींनी नळीत तेल सोडून ती रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला स्क्रूसारखं फिरकीचं पातं लावून हलक्या हाताने आतलं बाहेर ओढलं. आधी काथ्याचा बोळा आला, मग शिशाचे छर्रे, पुन्हा काथ्या, आणि शेवटी दगडासारखी घट्ट झालेली काळी दारू. वडलांनी पहिला बोळा चिमटीत धरला. तेलाने काळा पडला होता, पण धागे शाबूत होते. "हो बार बापाशीनच भरलेलो," ते म्हणाले. रानडुकरांसाठी. त्या साली भात पोटरीत आलं होतं.

मग मिस्त्रींनी नळी लाकडापासून सोडवली. सरकारी कारखान्याची बंदूक असली तर शिक्के नळीच्या पोटाखाली सापडतातच, कारण तिथे राख-चिंच पोचत नाही. आमच्या नळीच्या पोटाला छिन्नीचे तीन घाव होते, आणि लाकडाच्या खोबणीत तसेच तीन. ही नळी ह्या लाकडाची, एवढंच ते सांगत होते. स्क्रू चार, चारही वेगळ्या आट्यांचे. एकाचा दुसऱ्या भोकात जाईना. नळी आतून गुळगुळीत, रायफलीच्या पिळदार खाचा नाहीत. 1857 नंतर देशी शिपायांना मुद्दाम बिनखाचांच्या बंदुका दिल्या गेल्या होत्या, हे मी वाचलं होतं. मी तेही बोलून दाखवलं. मिस्त्रींनी काही न बोलता रॉकेलच्या फडक्याने नळी पुसली आणि दिव्याखाली तिरकी धरली. फेट्याची घडी दिसावी तशी एक बारीक तिरकी रेघ नळीभर फिरत गेली होती. लोखंडाची पट्टी सळीभोवती गुंडाळून, भात्यावर तापवून, ठोकून एकजीव केलेली.

"कारखाना न्हाय, भट्टी हाय ही," ते म्हणाले. "एनफिल्ड बघून कुणीतरी बनवलीया. हात लई चांगला."

मग त्यांनी आजोबांचा जुना परवाना मागितला आणि त्यातल्या चार अक्षरांवर बोट ठेवलं: एसबीएमएल. एकनळी ठासणीची. पिवळ्या कागदावर ती अक्षरं वर्षानुवर्षं होती. नूतनीकरणाला आम्ही तो कागद किती वेळा पुढे केला असेल, पण त्यांचा अर्थ कधी कोणी विचारला नव्हता. शिक्का कोणी खोडला नव्हता, मुळात मारलाच नव्हता. मिस्त्रींनी तसं लेखी दिलं आणि अर्जात 'देशी बनावट, ठासणीची' असं गेलं.

परतीच्या वाटेवर वडील गप्प होते. साहेबाची गोष्ट गेली याचं त्यांना वाईट वाटलं असेल, असं मला वाटत होतं. गावात उतरल्यावर ते घराकडे वळलेच नाहीत. व्हाळापलीकडच्या कोपऱ्याला लोहाराची मळी म्हणतात. आता तिथे नुसती काजूची झाडं आहेत. वडलांनी काठीने पाचोळा सारला, थोडी माती उकरली, आणि भट्टीतलं कीट असतं तसा एक काळा, भोकाभोकांचा, जड खडा उचलून माझ्या हातात दिला.