चंडीमंदिरच्या चढावर दोन बहिणी आणि एक सायकल

“वजन कितना है, बहनजी?”

पंचकुल्याच्या सायकलच्या दुकानात सरदारजींनी हा प्रश्न विचारला आणि मी नि ताई एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एका कॉलेजकुमाराने तर आमचं उत्तर ऐकण्यासाठी मानच वळवली होती. वय विचारलं असतं तर हसून वेळ मारून नेता येते, पण वजनाच्या प्रश्नाला हसणंही अवघड. “अस्सी-पचासी,” ताई हळूच पुटपुटली. सरदारजी काही बोलले नाहीत. कोपऱ्यातला पार्सलं तोलायचा काटा त्यांनी पायाने पुढे सरकवला, बस्स.

ताई ब्याण्णव भरली. मी एकशे चार.

खरं तर मी आधीच शहाणं व्हायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात मी विजेवर चालणारी सायकल घेतली. गुडघे कुरकुरायला लागले होते, स्कूटरने पोट सुटतं आणि साध्या सायकलने दम लागतो, तेव्हा हा मधला मार्ग बरा वाटला. दुकानदाराने वजन विचारलं, मी पंच्याऐंशी सांगून मोकळी झाले. सायकलची क्षमता शंभर किलोची होती. चार महिन्यांनी, भर पावसात, पाषाणच्या रस्त्यावर मागच्या चाकातून ‘टण्ण’ असा आवाज आला. मग दुसरा. तिसरी तार तुटल्यावर चाक फोर्कला घासायला लागलं आणि ती पंचवीस किलोची सायकल ढकलत मी घरी आले. कंपनीला बोल लावायला तोंडच नव्हतं, खोटं मीच बोलले होते. ती सायकल अजून आमच्या जिन्याखाली उभी आहे.

आणि आता ताईने मला त्याच विषयातली जाणकार म्हणून दीड हजार किलोमीटरवरून बोलावून घेतलं होतं!

देवी हरियाणात, शहर शेजारी

भाऊजी लष्करात. गेली दोन वर्षं ते चंडीमंदिरच्या छावणीत आहेत. लष्कराच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय १९८५ मध्ये सिमल्याहून इथे आलं, तेव्हापासून या गावाचं नाव मराठी घरांतल्या पत्रांवर दिसू लागलं. चंडीगड शहराला नाव मिळालं ते इथल्या चंडीदेवीच्या मंदिरावरून. गंमत म्हणजे देवी स्वतः चंडीगडमध्ये नाही. मंदिर हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात आहे. या गमतीचा भुर्दंड ताईला पडला. विजेच्या वाहनांसाठी चंडीगड प्रशासनाने २०२२ मध्ये जे धोरण आणलं त्यात सायकलींनाही अनुदान होतं, पण ते चंडीगडच्या रहिवाशांसाठी. देवीच्या दारात राहणाऱ्या ताईला त्यातलं काही नाही.

छावणी पाहून मात्र मन निवतं. उत्तरेला शिवालिकच्या बुटक्या, भुसभुशीत टेकड्या, जवळून वाहणारी घग्गर, रुंद सावलीचे रस्ते आणि जागोजागी वेगमर्यादेच्या पाट्या. इथे सायकलीला मान आहे. काळ्या, उंच सायकलींवरून जवान जातात आणि समोरून अधिकारी आला की हात ताठ करून, मान वळवून सायकलवरूनच मानवंदना देतात. पहिल्या दिवशी मी हे बघतच राहिले. (छावणीत फोटो काढता येत नाहीत, म्हणून या लेखाबरोबर एकही नाही.)

ताईला सायकल हवी होती त्याचं कारण साधं होतं आणि जरा जड होतं. भाऊजींची बदली सीमेकडच्या ठाण्यावर झाली होती. तिथे कुटुंब नेता येत नाही. महिन्याभरात ते जाणार आणि ताई इथेच राहणार. गाडी ती चालवत नाही. स्कूटरवरून एकदा पडल्यापासून तिने स्कूटरचं नाव टाकलं आहे. बाजार, मुलाची शिकवणी, दवाखाना, सगळीकडे भाऊजी नेणार आणि आणणार, असं वीस वर्षं चाललेलं. “आता दर वेळी शेजारणीला विचारू का गं?” ती मला फोनवर म्हणाली होती. पुढे ती काही बोलली नाही, पण मी तिकीट काढलं.

तारा मोजून घ्या

सरदारजींच्या दुकानात आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. आकडे खरे कळल्यावर त्यांनी अर्ध्याहून जास्त सायकली मागे सारल्या. “ये नहीं, ये भी नहीं.” आम्ही पाहिलेल्या बहुतेक सायकलींच्या माहितीपत्रकात कमाल भार शंभर ते एकशेदहा किलो होता. त्यात आणखी एक खोच आहे. हा आकडा फक्त स्वाराचा की सायकल, पिशवी, डबा सगळं धरून? काही ठिकाणी एक, काही ठिकाणी दुसरं. सायकलच वीस-पंचवीस किलोची, म्हणजे उत्तर चुकलं तर हिशेब पार कोलमडतो. हे लेखी विचारून घ्यावं.

माझा समज होता की जाड माणसाला मोठी मोटर हवी. सरदारजी हसले. कायद्यानेच हात बांधले आहेत. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तरच ती सायकल. मग ना लायसन्स, ना नोंदणी. त्यापुढे गेलात की ती मोटार वाहनांत जमा. ताईकडे लायसन्स नाही, तेव्हा प्रश्नच मिटला.

भाऊजींनी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. मी, सायकल आणि पिशवी मिळून १३० किलो. शंभराला पाच असा चढ ताशी दहा किलोमीटरने चढायचा तर चाकाशी सुमारे २०० वॅट लागतात. साठ किलोच्या बाईला त्याच चढाला १३५ च्या आसपास पुरतात. म्हणजे २५० वॅटची मोटर कागदावर मलाही पुरते. पण मागच्या चाकात बसवलेली मोटर चढावर रखडली की वीज चाक फिरवण्याऐवजी तापण्यात जाते. तेव्हा गिअर हलका ठेवून पायांनी हातभार लावत राहायचं. पेडलपाशी बसवलेली मोटर गिअरचा फायदा घेते, चढावर ती सरस. पण किंमत ऐकून ताईने पदर सावरला.

खरा घोळ होतो चाकांत. मागच्या चाकावर आपला भार, मोटरचा भार आणि मोटरचा ओढा, तिन्ही एकदम येतात. सरदारजींनी आम्हाला छत्तीस तारांचं, दुहेरी भिंतीच्या रिमचं चाक दाखवलं. “रिम लुधियानेका है,” असं ते म्हणाले ते एखाद्या आंब्याला देवगडचा म्हणावं तसं. लुधियाना इथून शंभर किलोमीटरवर. हिरो सायकल्सचा कारखाना तिथे १९५६ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल-उत्पादक कंपनी म्हणून गिनेस बुकात गेला. सायकलीचा सुटा भाग लुधियानाला मिळाला नाही तर तो देशात मिळत नाही, असं इकडे मानतात.

टायर दोन इंचांहून रुंद घेतले. हवा किती भरायची त्याची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. जड माणसाने तिच्या वरच्या अंगाला राहावं, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपते. पुढच्या स्वस्त शॉक-अॅब्सॉर्बरचा मोह सरदारजींनीच सोडायला लावला, कारण आमच्या वजनाला तो आधीच बसलेला असतो. ब्रेक मात्र डिस्कचे, दोन्ही चाकांना. साडी-सलवारसाठी मधला दांडा खाली वाकवलेली चौकट. आणि बॅटरी छत्तीस व्होल्टची, साडेदहा अँपिअर-अवरला किंचित कमी. पत्रकावर पन्नास किलोमीटर लिहिलेलं. “हलका आदमी, सीधी सडक,” सरदारजी म्हणाले. “आपके लिए आधा मानो.” त्यांच्या या प्रामाणिकपणावर खूश होऊन ताईने घासाघीस केलीच नाही. मला ते पटलं नाही, दीड-दोन हजार तरी सुटले असते. एकूण बेचाळीस हजार झाले.

पिंजोरपर्यंत

“तुझ्या वजनाला टिकली तर माझ्या टिकेलच,” या न्यायाने परीक्षेला मी बसले. रविवारी सकाळी सहाला, भाऊजी त्यांच्या साध्या सायकलवर आणि मी नव्या कोऱ्या विजेच्या. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. कायदा काही म्हणो, ताईने त्याशिवाय दाराबाहेर सोडलं नाही. कालक्याकडे जाणारा रस्ता नकाशावर सपाट दिसतो. पण चंडीगड समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर आणि कालका साडेसहाशेवर, अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. आम्ही वाटेतल्या पिंजोरपर्यंतच जाणार होतो, दहा-बारा किलोमीटर. सकाळी ट्रक कमी असतील हा भाऊजींचा अंदाज साफ खोटा ठरला. जिथे मिळेल तिथे आम्ही बाजूचा रस्ता धरला.

पहिल्या चढावर मी जुनी चूक केली. जड गिअरमध्ये, थांबलेल्या अवस्थेतून निघाले. या सायकलची मोटर पेडल थोडं फिरल्यावरच जागी होते. त्या अर्ध्या सेकंदात एकशे चार किलो एकट्या गुडघ्यावर आले आणि जुनी कळ उठली. “आधी गिअर उतरव, मग थांब,” भाऊजी मागून ओरडले. निघताना अंगठ्याचा थ्रॉटल जरासा दाबायचा हेही तेव्हाच कळलं. पुढच्या चढाला पाय भरभर फिरत होते, वेग आठ-नऊचा, मोटर गुणगुणत होती आणि मी चक्क बोलू शकत होते. भाऊजी, रोज पाच किलोमीटर पळणारा गडी, माझ्या बाजूला घामाघूम होऊन वर येत होते. तेव्हा मला जो आनंद झाला तो इथे लिहिणं बरं दिसणार नाही.

पिंजोरला बॅटरीच्या पाच दिव्यांतले दोन उरले होते. तिथली सतराव्या शतकातली, नवाब फिदाई खानाने उभारलेली बाग टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाते. कारंजी बघत मजेत उतरले आणि शेवटच्या टप्प्यावर लक्षात आलं, परत चढायचंय आणि इथे मोटर नाही.

उतार मला जास्त शिकवून गेला. त्याच वेगाला माझी सायकल थांबवायला साठ किलोच्या बाईच्या दीडपट जोर लागतो. एका वळणावर समोर गाय आली. ब्रेकचा दांडा दाबला की मोटर आपोआप बंद होते, ही सोय तिथे कामी आली. मी थांबले, पण गाईपासून वीतभर अंतरावर. त्यानंतर घरापर्यंत वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. परतल्यावर सरदारजींनी सांगितल्याप्रमाणे मागच्या चाकाच्या तारा एकेक करून बोटांनी दाबून पाहिल्या. दोन सैल झाल्या होत्या. नव्या चाकाच्या तारा पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांत बसतात, तेव्हा त्या एकदा ताणून घ्यायलाच हव्यात. पुण्यात मी हे कधी केलंच नव्हतं.

ताई मात्र सायकलवर बसेना. चार दिवस ती फक्त पुसत होती. “उद्या बघू.” भाऊजी काही बोलत नव्हते, फक्त रोज रात्री बॅटरी चार्जिंगला लावत होते. पाचव्या सकाळी मी चहा घेत असताना दाराशी खडखड झाली. बाहेर येऊन पाहिलं तर ताई हेल्मेट घालून, ओढणी कमरेला खोचून रस्त्याच्या टोकाला पोचली होती. हँडल जरा डुगडुगत होतं. समोरून येणाऱ्या एका जवानाने हात ताठ करून मान वळवली. तो मानवंदना देत होता की हसू लपवत होता, कळलं नाही. ताई वळणाआड गेली. भाऊजी दारात उभे होते, पाऊण तास तिथेच. ती आली तेव्हा पुढच्या टोपलीत चंडीदेवीचा प्रसाद होता आणि अर्धा किलो मटार.

महिन्यापूर्वी तिचा फोन आला. भाऊजी जाऊन पंधरा दिवस झाले होते. तारा ताणून आणल्या, पुढचा ब्रेक जरा करकरतो, मुलाच्या शिकवणीला आता तीच नेते-आणते, तो मात्र वेगळ्या सायकलवर. “दुकानात आणखी एक बाई आली होती,” ती म्हणाली, “माझ्यासारखीच. सरदारजींनी वजन विचारलं तर गप्प. मग मीच आधी माझं सांगितलं, मोठ्याने.”

“किती सांगितलंस?”

“नव्वद,” ती म्हणाली. “अगं, खरंच दोन किलो उतरलंय.”